लुधियान्याची लोकर

बनुबाई क्रोशा शिकली ती मिरजेच्या दवाखान्यात. वडूजहून तिला तिथं नेईपर्यंत पोटातलं मूल गेलं होतं, आणि तिचा जीव वाचवायचा म्हणून डॉक्टरांनी गर्भाची पिशवीही काढून टाकली होती. सासू उशाशी बसून भिंतीकडं बघायची. नवरा आकाराम लष्करात ड्रायव्हर, तिकडं पंजाबात. त्याला तार गेली होती, पण रजा मिळाली नव्हती. शेजारच्या खाटेवर साळूबाई नावाची तासगावकडची एक पोक्त बाई होती. पाय प्लास्टरात, पण हात क्षणभर स्वस्थ नसायचे. पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा आणि आकडीची सुई घेऊन ती रुमालाच्या कडा विणत पडायची. बनुबाईचं मुसमुसणं ऐकून ऐकून एके दिवशी तिनं सुई तिच्याच हातात दिली.

"धर. रडायचं तर विणत विणत रड. पर हात रिकामं ठिवू नगंस. रिकामं हात लय वंगाळ."

आधी साखळी, मग साखळीवर उभे खांब. पहिली पट्टी गोगलगाय चालल्यासारखी वाकडीतिकडी आली. दवाखान्यातून निघताना साळूबाईनं ती सुई तिलाच देऊन टाकली.

पुढच्या रजेला आकाराम घरी आला तेव्हा देव्हाऱ्यापासून ट्रंकेपर्यंत सगळ्याला पांढऱ्या जाळीची झालर लागलेली. तो उंच, सावळा, बोलायला कमी. गेलेल्या मुलाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. झालरीवरून बोट फिरवत नुसता म्हणाला, "हात चांगला बसलाय गं तुझा." त्या एका वाक्यावर बनुबाईनं कितीतरी दिवस काढले.

त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं पिशवीतून लोकरीचा एक लहानसा गुंडा काढून तिच्या ओटीत टाकला. वडूजच्या बाजारात मिळायची तसली साधी लोकर नव्हती ती. निळीभोर, आणि तिच्या पिळातून एक चंदेरी तार गेलेली. उन्हात धरली की चमचम करायची.

"कुठनं आणली वं?"

"लुधियान्याची हाय. तिकडं लोकरीची बाजारपेठच हाय."

मग दर रजेला काहीतरी येऊ लागलं. एकदा गुलाबी केसाळ लोकर आली, सशाच्या पिलासारखी. एकदा पांढरी, जागोजाग गाठी असलेली, ज्वारीच्या लाह्या दोऱ्यात ओवाव्यात तशी. एकदा तर हिरव्याची पिवळी आणि पिवळ्याची तांबडी होत जाणारी. गुंडा मात्र दरवेळी एवढासाच, मुठीत मावेल असा, कागदाची पट्टी नसलेला. जाऊ एकदा फटकन बोलली, "दाजी जरा मोटा गुंडा आणत न्हाईत का?" बनुबाईला राग आला. लष्करातला माणूस, ठिकठिकाणी फिरतो, बायकोची आठवण ठेवून मुठीएवढं का होईना घेऊन येतो. दुसऱ्या कुणाचा नवरा आणतो?

एवढ्याशा लोकरीचं स्वेटर होणार नव्हतं. तेव्हा तिनं एक लांब स्कार्फ धरला, आलेला प्रत्येक गुंडा पुढं जोडत जायचा असा. त्याला कारणही होतं. आकाराम दर रजेला म्हणायचा, "फॅमिली क्वार्टर मिळालं की तुला घेऊनच जातो जालंदरला. तिकडं थंडी म्हंजे काय सांगू! हाडं वाजत्यात." जालंदरला गळ्यात घालायचा म्हणून तो स्कार्फ. वडूजच्या उन्हात त्याचं काम नव्हतं.

केसाळ लोकर विणायला फार वाईट. टाका दिसतच नाही, बोटानं चाचपून सुई घालावी लागते, आणि एकदा विणली की केस केसांत असे गुंततात की उसवता येत नाही. बाहत्तरच्या दुष्काळात घरची सगळी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. बनुबाईही जायची. हाताला भेगा पडल्या, त्या भेगांत गुलाबी केस अडकायचे. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बसून ती बोटांना तेल चोळायची, पदराला पुसायची आणि विणायची. बायका हसायच्या. "मिलटरीवाली, ह्या उनात कुणाला गं गळपट्टा?" ती म्हणायची, "जायाचं हाय मला. क्वार्टर मिळालं की जायाचं हाय."

क्वार्टर मिळालंच नाही. वर्षं गेली, स्कार्फ लांबत गेला. दोन्ही टोकांना तिनं गाठाळ लोकरीचे गोंडे लावले आणि तो ट्रंकेत, कापराच्या वड्यांबरोबर ठेवून दिला.

पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात आकाराम पेन्शनीत निघाला. साताऱ्यात एका कारखान्यावर त्याला वॉचमनची नोकरी लागली. गोडोलीकडं एक खोली घेतली आणि त्यानं निरोप धाडला, ये. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बनुबाईचा स्वतःचा संसार पहिल्यांदा सुरू होत होता. ट्रंक आणि पिठाचा डबा घेऊन ती एसटीनं साताऱ्याला आली. खोलीच्या दाराशी पोचली, तर उंबऱ्यावर एक सहा-सात वर्षांची पोर बसलेली. गोरटेली, दोन वेण्या, पायांत मोठे मोजे. अंगात विणलेला निळा फ्रॉक, धुऊन धुऊन विटलेला, आखूड झालेला.

आकारामनं तिच्याकडं न बघता सांगितलं, "पम्मी हिचं नाव. माझ्या दोस्ताची पोर हाय. दोस्त मागंच गेला, आई आता काविळीनं गेली. तिकडं बघाय कोण न्हाई. घिऊन आलो."

दुसऱ्याची असो, पोर तर होती. बनुबाईनं पम्मीच्या डोक्यावरून हात फिरवला. पोर हिंदीत काहीतरी पुटपुटली आणि तिला "ताई" म्हणाली. बनुबाईला हसू आलं. एवढ्या वयाच्या बाईला बहीण म्हणतेय लेकरू. म्हणू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम रात्रपाळीवरून अजून यायचा होता. अजिंक्यताऱ्यावरून गार वारा खाली येत होता आणि पम्मी चुलीपुढं कुडकुडत बसली होती. बनुबाईनं ट्रंक उघडली. जालंदर आता काही घडणार नव्हतं. मग ह्या थंडीत, ह्या पोरक्या पोरीच्या गळ्यातच का जाऊ नये? तिनं स्कार्फ काढला, झटकला, आणि पम्मीच्या गळ्याभोवती गुंडाळला.

पोरीनं टोक हातात घेतलं. नाकाला लावलं. मग एकेका रंगावर बोट ठेवत ती बोलू लागली, आणि कित्येक दिवसांत बोलली नसेल अशी खुलून बोलू लागली.

"ये तो माँ की ऊन है! ये मेरी फ्रॉक की. ये माँ की शाल की. ये वाली नानी की टोपी की. जो बचती थी, पापा ले जाते थे."

बनुबाईला हिंदी यथातथाच कळायचं, पण ऊन म्हणजे लोकर, आणि उरलेली पापा नेत, एवढं कळलं. तिनं पोरीच्या फ्रॉककडं पाहिलं. विटलेल्या निळ्यात, शिवणीजवळ, एक चंदेरी तार अजून चमकत होती.

"पापा कोण गं? कौन पापा?"

पम्मीनं स्कार्फचं टोक सोडलं. आपण काही चुकलो हे तिला उमगलं असावं. तिची नजर मात्र खुंटीवर टांगलेल्या आकारामच्या खाकी कोटाकडं गेली आणि तिथंच थांबली.

आकाराम आला तेव्हा चूल विझलेली. बनुबाई भिंतीला टेकून बसलेली.

"ही पोर कुणाची?"

"सांगितलं की काल. दोस्ताची..."

"आवं, तिच्या अंगावर माझी लोकर हाय."

तो दारातच खाली बसला. बूटही काढले नाहीत. तसाच सांगू लागला. बिमला नाव होतं तिचं. लुधियान्यात लोकांचे स्वेटर विणून द्यायची. पलटणीचा माल आणायला जायचा तेव्हा ओळख झाली. देवळात हार घातला होता.

"आन माझं काय सांगितलंत तिला?"

"भावजय हाय म्हणून. माझा थोरला भाऊ गेला, आन त्याची बायकू घरी हाय म्हणून." त्यानं मान वर केली नाही. "तुला दुखवायचं न्हवतं गं. तिलाबी न्हाई."

म्हणजे ते "ताई" बहीण नव्हे. तिकडं थोरल्या चुलतीला ताई म्हणतात. आपल्याच नवऱ्याच्या तोंडून आपण विधवा झालो होतो, आणि त्या विधवेला उरलीसुरली लोकर धाडली जात होती. बनुबाई उठली. पोरीच्या गळ्यातून तिनं स्कार्फ ओढून घेतला आणि उसवायला बसली. टोकाची हिरवी-पिवळी सरसर सुटली. गुलाबीपाशी येऊन दोरा अडला. ती ओढत राहिली, केस केसांत आवळत गेले, गाठ झाली. तेव्हा तिनं कात्री घेतली आणि कराकरा कापत सुटली. तुकडे खोलीभर उडाले. आकाराम बघत राहिला. त्यानं हात धरला नाही.

आणि पम्मी, जी आत्तापर्यंत कोपऱ्यात उभी होती, ती हळूच पुढं आली आणि एकेक तुकडा उचलून फ्रॉकच्या ओच्यात गोळा करू लागली. रडत नव्हती. पडलेलं धान्य वेचावं तशी नुसती वेचत होती, कात्रीच्या अगदी तोंडाशी येऊन. बनुबाईचा हात थांबला तो त्यामुळं.

त्या आठवड्यात आकारामनं काय केलं ते तिला कळलं नाही. त्याच्याच युनिटातला रहिमतपूरचा कृष्णात नावाचा जवान सुट्टी संपवून परत निघाला होता. त्याच्याकडं त्यानं बिमलाच्या भावाला निरोप दिला, की पोरीला घेऊन जा, माझ्या घरी तिचं जमायचं नाही. बायकोचं दुःख कमी करायचा त्याला एवढाच मार्ग दिसला. तिला विचारावं हे त्याच्या मनात आलं नाही.

बनुबाई नवऱ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, तोंड फिरवायची. पोरीलाही खाऊ घालायची, पण हात न लावता. पम्मी दिवसभर तुकड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसायची. रंगारंगाचे ढीग करायची, परत मिसळायची. एके दुपारी बनुबाईनं न राहवून विचारलं, "काय करायलीस त्येचं?"

पोरीनं मोडक्यातोडक्या शब्दांत, हातवारे करून सांगितलं. माँ फ्रॉक विणताना शेवटची ओळ सोडून द्यायची. शाल विणताना काठ लहान करायची. म्हणायची, गाँव वाली ताईसाठी ठेवायला हवी, तिचा माणूस गेलाय, विणण्यात तिचा जीव रमतो. कुठला रंग आवडेल म्हणून पापांना विचारायची. त्यांना सांगता यायचं नाही. मग माँ आणि पम्मी दोघी मिळून रंग निवडायच्या.

बनुबाई ऐकत होती. इतकी वर्षं तिला वाटलं होतं नवरा निवडतो. मग वाटलं उष्टं मिळालं. आणि आता ही पोर सांगत होती की कुणीतरी आपल्या लेकराच्या फ्रॉकातली ओळ कमी करून तिच्यासाठी लोकर राखली होती. जिनं राखली तिलाही फसवलं होतं, आणि ती आता ह्या जगात नव्हती. बनुबाईला तिचा राग करायचा होता. तो येईना. आला तो हुंदका, मिरजेच्या खाटेवरचा राहून गेलेला. पम्मी घाबरून जवळ सरकली आणि तिनं आपल्या फ्रॉकनं तिचे डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी बनुबाईनं सुई काढली. तुकड्यांना तुकडे जोडून तो स्कार्फ पुन्हा विणायला बसली. जिथं जोड तिथं गाठ, पण गाठाळ लोकरीत ती लपून जायची. पम्मीला मांडीत घेऊन तिच्या बोटांत दोरा धरायला शिकवलं. पोरीचा हात आईचा होता. साखळी पहिल्याच दिवशी सरळ आली. शेजारची भामाबाई दारातून बघायची आणि म्हणायची, "मायलेकी चांगल्या रमल्यात की." बनुबाई ते खोडून काढायची नाही.

संक्रांतीनंतर तिनं पोरीला नगरपालिकेच्या शाळेत घातलं. दोन महिन्यांत पम्मी "मला न्हाई पायजे" आणि "लय भूक लागलीया" म्हणायला लागली. भांडायची मात्र पंजाबीत. शाळेतून आली की आधी बनुबाईच्या पाठीवर पडायची. आकाराम कामावरून येऊन दोघींना बघत बसायचा. बनुबाई त्याच्याशी पुन्हा बोलू लागली होती, कामापुरतं. कृष्णातकडं दिलेल्या निरोपाचं त्यानं तिला सांगितलं नाही. इतके महिने कुणी आलं नाही म्हणजे येणारही नाही, असं त्यानं धरलं होतं.

मे महिन्यात बलबीर आला. बिमलाचा भाऊ, ट्रकवर ड्रायव्हर. आसामकडं गाडी घेऊन गेला होता, म्हणून निरोप उशिरा मिळाला. धिप्पाड माणूस, उन्हानं लाल झालेला. दारात उभा राहून त्यानं हाक मारली मात्र, पम्मी आतून तीरासारखी धावत सुटली आणि त्याच्या कमरेला बिलगली. नानी कशी आहे, गाय व्याली का, माझी बाहुली कुणी घेतली, सगळं एका दमात.

बनुबाईनं त्याला पाणी दिलं. भाकरी वाढली. तो जेवला नाही. आकारामकडं बोट करून म्हणाला, ह्या माणसानं माझ्या बहिणीला फसवलं. आम्हाला वाटलं एकटा आहे. आणि ती गेल्यावर मला न विचारता पोरीला उचलून आणलं. माझी आई तेव्हापासून रडते आहे. आता हा स्वतःच म्हणतो ने, तर नेतो.

"सोताच म्हणतो?" बनुबाई नवऱ्याकडं वळली. "तुमी बलावलंत?"

"तवा... तू कात्री घिऊन... मला वाटलं तुला नगं हाय."

"तवा नगं हुती! तवा! आवं, मग मला सांगायचं तरी हुतं!"

ती बलबीरच्या पुढं जाऊन उभी राहिली. जमेल तशा हिंदीत म्हणाली, राहू दे. शाळेत जाते. मी बघते तिच्याकडं. मी करते तिचं सगळं. बलबीर चढ्या आवाजात बोलत होता, तो थांबला. त्याला ही बाई कोण ते उमजलं असावं. मग जरा हळू आवाजात त्यानं विचारलं, "बहनजी, आप इसकी कौन लगती हैं?"

बनुबाईनं आकारामकडं पाहिलं. बाप म्हणून तो एक शब्द बोलला असता, माझी पोर आहे, देत नाही, एवढं म्हणाला असता, तरी तिच्या पायाखाली जमीन आली असती. तो खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होता.

पुढं सगळं भराभर झालं. कपडे, पाटी, डब्यात लाडू. स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली. पम्मीनं हट्टानं स्कार्फ गळ्यात घातला होता. भर उन्हात तो केसाळ स्कार्फ, मान घामानं डबडबलेली. लोक बघून हसत होते. गाडीत बसल्यावर मामानं तो काढला, "गर्मी लगेगी," म्हणाला आणि घडी करून थैलीत घातला. पम्मी खिडकीतून हात हलवत होती. तिचं तोंड हसरं होतं. तिला वाटत होतं नानीला भेटून आपण परत यायचंय. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तसं नाही हेही कुणी सांगितलं नव्हतं. गाडी निघताना तिनं ओरडून विचारलं, "ताई, तू कवा येणार?" चक्क मराठीत. बनुबाईनं हात वर केला. गाडी पोवई नाक्याकडं वळली.

तिकडून पुढं काही कळलं नाही. बलबीरनं पत्ता दिला नव्हता, आणि आकारामला जो माहीत होता त्या घरात दुसरे भाडेकरू आले होते, असं कृष्णातनं कळवलं. बनुबाईनं नवऱ्याला सोडलं नाही. माहेरी कुणी उरलं नव्हतं, आणि सोडून जाण्याइतका राग धरायलाही अंगात बळ लागतं. त्याचा डबा वेळेवर व्हायचा. आजारी पडला तेव्हा तिनंच त्याचं केलं. एकदा, दोनेक वर्षांनी, त्यानं जेवता जेवता म्हटलं, "मला माफ केलंस का गं तू?" तिनं आणखी आमटी हवी का विचारलं. लोकर तिनं पुन्हा हातात धरली नाही. भामाबाई जावयासाठी मफलर विणून मागायला आली, तर म्हणाली, "बोटं दुखत्यात माझी."

भामाबाई एक गोष्ट मात्र पुढं कितीतरी वर्षं सांगायची. त्या जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी वर्गातल्या तीन-चार मुली दप्तरं घेऊन दारात आल्या आणि त्यांनी हाका मारल्या, "पम्मे! चल की गं!"

बनुबाई पीठ मळत होती. तशाच हातांनी दारात आली.

"मामाच्या गावाला गेलीया ती."

"सुट्टी संपली की वं! कवा येणार?"

बनुबाईनं मुलींकडं पाहिलं. त्यातल्या एकीची वेणी सुटली होती. तिनं हात धुतले, पुसले, त्या मुलीला उंबऱ्यावर बसवून वेणी घट्ट घालून दिली आणि म्हणाली, "तुमी जावा पोरींनो. घंटा हुईल."

मुली गेल्या. बनुबाई उंबऱ्यावरच बसून राहिली, दार उघडंच राहिलं. पिठाला माशा लागल्या तेव्हा भामाबाईनंच आत जाऊन ताट झाकलं.